दुसरी आंघोळ

१

भाऊंनी देवघराची दारं उघडली तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते, हातात चहाचा कप घेऊन. गावाहून आलेला माणूस हातपाय धुतो, देवाला नमस्कार करतो आणि मगच चहा घेतो, एवढं मला ठाऊक होतं. भाऊंनी हात जोडले आणि ते तसेच राहिले. देवघरात देव नव्हते. गणपती नाही, रांगता बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, कुलस्वामिनीही नाही. वनमालेच्या सासूच्या वेळेपासूनच्या पितळी मूर्ती सगळ्या, आणि त्यांच्या जागी नुसतं लाल वस्त्र.

"वनमाला, देव कुठं ठेवलेस?" भाऊंनी विचारलं.

वनमाला नुकतीच ऑफिसातून आली होती. पदराने घाम पुसत ती आत आली, तिने पाहिलं आणि मटकन खालीच बसली. त्या दिवशी सकाळी निघण्याआधी तिने स्वतः पूजा केली होती, दारं लोटली होती, त्यानंतर देवघराकडे कुणी फिरकलंच नव्हतं. निदान असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

आता ही वनमाला कोण, भाऊ कोण आणि मी मधे का तडफडते, ते सांगते. मी सुगंधा. मूळची मालवणची, लग्न होऊन मुलुंडला आले ती इथलीच झाले. लोक मला फटकळ म्हणतात आणि ते खरंच आहे. गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. आमची बैठी चाळ होती, पुढे लांबच लांब ओटा, मागे परसू आणि परसात चिंचेचं झाड. भिंतीला भिंत लागून वनमालेचं बिऱ्हाड. तिचा नवरा टायफॉइडने गेला आणि ही बाई रडत न बसता घाटकोपरच्या एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून म्हणून लागली. हंगामी म्हणजे आज आहे, उद्या नाही. कायम होण्याचा हुकूम येणार, येणार म्हणून वर्ष गेलं होतं.

पोरं तीन. थोरली नलिनी, सातवी पास झालेली. मधला लवू, नऊ वर्षांचा, देवाने त्याला पायाऐवजी चाकं लावलेली. धाकटी कुंदा, पहिलीतली. शाळेला सुट्टी लागली की तिघं दिवसभर घरात एकटी. वनमालेचे नियम कडक होते. स्टोव्हला हात लावायचा नाही, विहिरीकडे जायचं नाही, कुणाला दार उघडायचं नाही, काही झालं तर मावशीला हाक मारायची. ती मावशी म्हणजे मी. दुपारी पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसत, कुरडयांचा चीक खात आणि माझ्या गोष्टी ऐकत. मालवणच्या भुतांच्या, तुफानात सापडलेल्या मामाच्या होडीच्या, आजीच्या नवसांच्या. चाळीतल्या बायका मात्र कुजबुजायच्या, आई खुर्चीवर बसते आणि पोरं वाऱ्यावर. मी एक-दोघींना तोंडावर सुनावलंही होतं, की तुम्ही घरात असून तुमची पोरं कुठं असतात ते आधी बघा.

भाऊ वनमालेचे थोरले दीर. राजापूरकडे राहत. माणूस सोन्यासारखा, पण मताचा पक्का. त्यांचं पत्र आधीच आलं होतं, की अक्षय्य तृतीयेला धाकट्याच्या नावाने पाण्याने भरलेला घट दान करू आणि मग तुम्ही सगळे गावी चला, पोरं अशी कुलपात ठेवून नोकरी कसली करायची. वनमालेने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. भाऊ उद्या यायचे ते आजच संध्याकाळी येऊन ठाकले होते.

रिकाम्या देवघरासमोरून ते मागे वळले. मग ओरडले नाहीत, रागावले नाहीत, हळू आवाजात म्हणाले, "देवसुद्धा राहीनात या घरात. आज मूर्ती गेल्या, उद्या पोरं जातील. परवा घट देऊ आणि तेरवा सकाळी निघू."

वनमाला खाली मान घालून म्हणाली, "बरं."

ते 'बरं' माझ्या काळजात घुसलं. सव्वा वर्ष ही बाई जी लढाई एकटी लढत होती, ती एका क्षणात हरली होती.

२

चोरी म्हटल्यावर अण्णा आलेच. आमच्या चाळीच्या टोकाला राहणारे हे अण्णा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. वाचनालयातल्या इंग्रजी रहस्यकथा वाचून वाचून त्यांनी स्वतःला गुप्तहेर नेमलं होतं. खिशात भिंग असायचं. ते आले, स्वयंपाकघरात शिरले, कोपऱ्यातल्या नव्या माठावरच्या ताटलीवर आपली टोपी ठेवली आणि देवघराच्या कडीला भिंग लावून बसले. लवूने गुपचूप टोपी उचलून खुंटीला अडकवली. या धामधुमीतही पोराला टोपीशी चाळा सुचतोय म्हणून मी डोळे वटारले.

अण्णांना भिंगातून काय दिसलं देव जाणे, मला तर नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ दिसत होतं. देवघरात चांदीचं निरांजन तसंच होतं. चांदीचं फुलपात्र तसंच होतं. चोराने पितळ नेलं आणि चांदी ठेवली. त्याहून नवल म्हणजे बाळकृष्णाचं झबलं. वनमालेने हौसेने शिवलेलं ते इवलंसं रेशमी झबलं, नीट चार घड्या घालून वस्त्रावर ठेवलेलं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "घडी घालणारा चोर तुमच्या पुस्तकात कुठं भेटलाय का हो?"

अण्णा म्हणाले की चोर सुशिक्षित असावा. मी कपाळावर हात मारला.

मग प्रश्न आला दारांचा. पुढच्या दाराची जबाबदारी माझी, कारण सकाळपासून मी ओट्यावर कुरडया वाळत घालून बसले होते. कावळ्यांवर नजर ठेवायची म्हणजे हलता येत नाही. पुढून चिमणीही गेली नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकत होते. तसं सांगितलंही, तर अण्णा मला म्हणाले, किल्लीसुद्धा तुमच्याकडेच असते ना वहिनी. आता बोला. पोरं घरात असताना किल्लीचा संबंधच काय. पण संशय म्हणजे चिकट फणस, एकदा हाताला लागला की तेल लावल्याशिवाय सुटत नाही. तेव्हाच मी ठरवलं, की हे प्रकरण अण्णांच्या भिंगावर सोडायचं नाही.

मी पोरांना एकेक करून जवळ घेतलं. नलिनी विचारायच्या आधीच रडायला लागली. तिने नियम मोडला होता. पितळी पातेल्यांची कल्हई गेली होती, त्यात ताक कळकत होतं, आणि नेमका काशीराम कल्हईवाला मागच्या चिंचेखाली भट्टी लावून बसला होता. आईचं तेवढंच काम हलकं होईल म्हणून तिने मागचं दार उघडून त्याला पातेली दिली. दार परत लावलं, ती आणि कुंदा माझ्याकडे चीक खायला आल्या. एवढंच. लेकराने चांगलंच केलं होतं, पण ती स्वतःला खुनी समजून हुंदके देत होती. मी तिला पोटाशी धरलं.

कुंदाला मी अजून हाकही मारली नव्हती, तर ती लांबूनच म्हणाली, "मला नाही माहीत." न विचारता दिलेलं उत्तर मी मनात गाठ मारून ठेवलं. त्या दिवशी पोरांनी रोजच्यासारखा परवचा म्हटला तेव्हाही ती भलतीकडेच तोंड करून बसली होती. बाकीची रिकाम्या देवघरासमोर आणि ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे हात जोडून. रिकामं देवघर बघवत नसेल बिचारीला, असं मला वाटलं.

लवू शेवटी आला. नऊ वर्षांचं पोर, पण भाऊंसमोर ताठ उभं राहिलं.

"मी मागच्या दाराने गोट्या खेळायला गेलो होतो," तो म्हणाला. "दार उघडंच राहिलं. माझी चूक आहे."

वनमालेने आयुष्यात पोरांवर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला. लवूच्या गालावर बोटं उठली, पण तो रडला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि तेच मला कुठंतरी खुपलं.

३

दुसऱ्या दिवशी अण्णांनी निकाल जाहीर केला. मागचं दार उघडं, दाराशी काशीराम, काशीरामचा धंदाच पितळेचा. मूर्ती वितळवल्या की झालं. आता त्याला पकडायचं आणि पोलिसांत द्यायचं. तो भांडुपला राहतो हे कळल्यावर अण्णांनी छत्री उचलली.

वनमाला सोडून आम्ही सगळे तेव्हा तिच्या घरात होतो. भाऊ ट्रंका बांधायला लागले होते. वनमालेने त्या दिवशीही ऑफिस चुकवलं नव्हतं, राजीनामा लिहून सोबत नेते म्हणाली होती. वहिनी, आता कशाला रोखून धरू, असं सकाळी मला म्हणाली तेव्हा तिचे डोळे अगदी कोरडे होते. मी तिला एवढंच सांगितलं, की तो कागद आज देऊ नको, एक दिवस माझ्यासाठी थांब. ती थांबेल की नाही याची मला खात्री नव्हती.

पोलिसांचं नाव निघताच लवू मधे पडला.

"काशीरामने नाही घेतले," तो म्हणाला.

अण्णा खाली वाकले. भिंगाआडचा त्यांचा डोळा बटाट्याएवढा दिसत होता. "तुला काय ठाऊक? तू तर गोट्या खेळत होतास."

लवूने तोंड उघडलं आणि मिटलं. ओठ असे घट्ट दाबले की पांढरे पडले. मग अण्णांनी विचारलं, भाऊंनी विचारलं, समजावून विचारलं, दरडावून विचारलं. पोर एक अक्षर बोललं नाही. अण्णा छत्री घेऊन निघाले, तशी कुंदाने भोकाड पसरलं आणि लवूने तिच्याकडे असं काही पाहिलं की ती हुंदका गिळून गप्प झाली.

दुपारी मी वाटीभर चीक त्याच्यापुढे ठेवला. गूळ घातलेला, वर तूप. हा पोरगा चिकासाठी भुतालाही भीत नाही. त्याने वाटी परत सरकवली.

"मावशी," त्याने मला हळूच विचारलं, "तुमची आजी घाबरली नव्हती?"

"कशाला रे?"

"काही नाही," म्हणाला आणि उठून गेला.

४

अण्णा भांडुपहून हात हलवत परत आले. काशीराम घरी नव्हता. पण संध्याकाळी काशीराम स्वतःच आमच्या परसात हजर झाला, खांद्यावर भाता आणि हातात वनमालेची पातेली. चोर म्हणून आपल्याला शोधतायत हे त्याला वाटेतच कळलं होतं. माणूस उन्हाने आणि रागाने लाल झाला होता. पातेली त्याने पायरीवर आपटली. आत कल्हई आरशासारखी चमकत होती.

"घ्या," तो म्हणाला. "चोर भांडी परत आणून देतो होय?"

मी त्याला आधी ताक दिलं. तापलेल्या माणसाशी तहान भागल्यावर बोलावं, हे माझ्या सासूने शिकवलेलं. मग विचारलं, बाबा, तू काल चिंचेखाली बसला होतास, तर पोरगा गोट्या खेळायला कुठल्या बाजूला गेला?

काशीराम म्हणाला, कुठल्याच नाही. पातेली देणारी मुलगी दार लावून गेली, त्यानंतर ते दार एकदाही उघडलं नाही. भट्टी त्याच दारासमोर होती, उघडलं असतं तर धूर आत जाईल म्हणून त्यालाच आधी ओरडावं लागलं असतं. पोरगा दिसला तो खिडकीच्या गजांतून, आणि तोही नुकताच न्हालेला, केसांतून पाणी गळत होतं.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. मलाही तो तसाच दिसला होता. उशिरा चीक खायला आला तेव्हा केस ओले, अंगावर धुतलेला सदरा. मी म्हटलंही होतं, काय रे मेल्या, विहिरीवर गेला होतास काय, आणि त्याने मानेनेच नाही म्हटलं होतं. पाय माझ्या ओट्यावर सोडून बसला होता. स्वच्छ, गोरे पाय. आमच्या परसातली तांबडी धूळ अशी, की पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत रंगतं. त्या धुळीत गोट्या खेळलेलं पोर असे पाय घेऊन येईल?

म्हणजे लवू खोटं बोलत होता. न केलेल्या चुकीसाठी त्याने आईचा मार खाल्ला होता.

"त्याने मला एक विचारलं," काशीराम ताकाचा पेला ठेवत म्हणाला. "पितळ पुष्कळ दिवस पाण्यात राहिलं तर त्याला भोक पडतं का? मी म्हटलं, नाही रे, काळं पडेल, चिंचेने घासलं की परत सोनं."

माझ्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलं. त्याची माफी मागायची तीही मी दारापर्यंत त्याच्यामागे धावत जाऊन मागितली.

५

अक्षय्य तृतीयेची सकाळ. नळाला पाणी आलं आणि मी भांडी भरायला घेतली. हात काम करत होते आणि डोकं दुसरीकडेच.

देव पाण्यात. मालवणात काय आणि मुंबईत काय, संकट आलं की घरातली बाई देव पाण्यात घालून बसते. देवांनाही कळू दे आमचा जीव कसा गुदमरतोय ते. काम होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. माझ्या मामाची होडी तुफानात सापडली तेव्हा आजीने हेच केलं होतं. तिने आंघोळ करून, सोवळ्याने, कुणाचा हात न लागलेल्या पाण्यात देव ठेवले होते आणि होडी परत येईपर्यंत कुणापाशी शब्द काढला नव्हता, कारण बोललं की मोडतं. ही गोष्ट मीच पोरांना सांगितली होती, तीही अगदी रंगवून, चिकाची वाटी त्यांच्या हातात देऊन. ज्या पोराला आंघोळीसाठी रोज काठी घेऊन मोरीत घालावं लागतं, ते भर दुपारी आपणहून दुसरी आंघोळ करतं, ती उगाच नाही.

पण कुठल्या पाण्यात? पिण्याच्या माठात दिवसभर भांडं बुडतं. बादल्या मोरीतल्या, त्यात देव ठेवायचा नाही एवढं लवूलाही कळत होतं. हंडा रोज रिकामा होतो. विहिरीवर जायची बंदी, आणि दार उघडलंच नव्हतं. आजीच्या गोष्टीतलं, कुणाचा हात न लागलेलं पाणी त्या घरात कुठं असणार?

आणि मला अण्णांची टोपी आठवली. लवूने ती उचलली होती. ताटलीवरून. कुंदा हात जोडून बसली होती तीही त्याच कोपऱ्याकडे, तिने ताटलीखाली डोकावून पाहिलं असणार.

नवा माठ. वनमालेने बाजारातून आणून, धुऊन, पाणी भरून, वाळा टाकून कोपऱ्यात ठेवलेला. त्यातल्या पाण्याला हात लावायचा नाही म्हणून तिने पोरांना बजावलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं. पोरांना वाटलं असेल, नवा माठ मुरायला ठेवलाय. तो मुरायला नव्हता. तो दानाचा घट होता. आज सकाळी गुरुजी येऊन तो घेऊन जाणार होते.

मी हातातली कळशी तशीच टाकली. तेवढ्यात भिंतीपलीकडून लवूची किंकाळी आली.

६

मी पोचले तेव्हा लवू माठाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. गुरुजी पाटावर, हातात पळी-पंचपात्र, संकल्प अर्धाच झालेला. वनमाला गोंधळून उभी. भाऊंचा चेहरा रागाने नाही, दुःखाने काळा पडला होता. बापाच्या नावाचा घट आणि मुलगाच आडवा पडतो. ते वनमालेला म्हणत होते, बघितलंस, पोरांवर आईबापाची नजर नसली की काय होतं. लवूच्या तोंडून एकच, "हा नाही द्यायचा. दुसरा द्या." का, ते सांगेना. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण सांगेना.

अण्णाही आले होते, ते म्हणाले की अपराधी मनाची ही लक्षणं आहेत. मी त्यांना म्हटलं, अण्णा, भिंग खिशात घाला आणि बसा.

मग मी लवूजवळ खाली बसले. त्याच्या कानाशी म्हटलं, "तू काही बोलायचं नाहीस. तोंड घट्ट मीट. तू सांगितलंस तर मोडेल, मी ओळखलं तर मोडत नाही. आजीचं मामीने असंच ओळखलं होतं, तरी होडी आली." हे शेवटचं मी तिथल्या तिथे बनवलं. त्या आजीने मला माफ केलं असेल.

लवूने माझ्याकडे पाहिलं. मिठी सैल केली नाही, पण रडणं थांबलं.

मग मी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या दारात मी होते आणि मागच्या दारात काशीराम, तेव्हा बाहेरचं कुणी आलंच नाही. चांदी सोडून पितळ नेणारा आणि झबल्याची घडी घालणारा चोर नसतो, तो भक्त असतो. कुंदाचा हात देवघराच्या कपाटापर्यंत पोचत नाही. नलिनी दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर होती. राहिला तो ज्याने भर दुपारी स्वतःहून आंघोळ केली, ज्याचे पाय स्वच्छ होते, ज्याने काशीरामला पितळाचं विचारलं आणि कुणी आत शोधू नये म्हणून दार उघडं टाकल्याचा आळ स्वतःवर घेतला. मार खाल्ला, चीक सोडला. पण देव पाण्यात आहेत हे बोलला नाही, कारण बोललं की मोडतं.

मी ताटली उचलली. वाळ्याचा वास आला. गुरुजींनी वाकून पाहिलं आणि हात जोडले. तळाशी गणपती, अन्नपूर्णा आणि कुलस्वामिनी. रांगता बाळकृष्ण सगळ्यांच्या मधोमध, पाण्यातून वर बघत होता.

अण्णांनी टोपी काढली. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी लवूला हाक मारली. आवाज अगदी मऊ झाला होता. कसंही करून त्यांना लेकराचं मन राखायचं होतं, आणि त्यांना वाटलं, आपल्याला कळलं.

"आई घरी राहावी म्हणून ना रे? होईल हो बाळा तसं. उद्या गावी गेलो की ती दिवसभर तुमच्यापाशीच."

लवूने मान हलवली. नाही.

"मग?"

लवू उठला. खुंटीवरची आईची ऑफिसची पिशवी त्याने काढली, नलिनीने भरून ठेवलेला डबा आत सरकवला, उंबऱ्याशी जाऊन आईच्या चपला सरळ मांडल्या आणि पिशवी वनमालेच्या हातात दिली. त्या दिवशी ती अर्धी रजा घेऊन थांबली होती. उशीर होत होता.

वनमालेने पिशवी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गालावरून हात फिरवला, मार बसला होता त्याच गालावरून. मग ती रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मलाही राहवलं नाही, माझं सोडा, अण्णाही भिंग पुसायच्या निमित्ताने पाठमोरे झाले. पोरं एकटी राहतात म्हणून सगळी चाळ हळहळत होती, आणि ती पोरं आईची नोकरी राहावी म्हणून देवाला बुडवून बसली होती. पिशवीत त्या डब्याखाली राजीनाम्याचा कागद अजून होता. तिने तो काढला आणि चुलीत घातला.

भाऊंनी डोळे पुसले. गुरुजींना विचारलं, आता घटाचं काय? गुरुजी म्हणाले, देव बसले तो घट मी कसा नेऊ, दुसरा आणा. भाऊ स्वतः बाजारात जाऊन दुसरा घट घेऊन आले. मग त्यांनी बांधलेल्या ट्रंका सोडल्या आणि म्हणाले, "हुकूम येईपर्यंत मी इथंच आहे. पोरांपाशी कुणीतरी हवं, तर मी बसतो. आणि देवांना आत्ता कुणी हात लावायचा नाही."

७

त्या उन्हाळ्यात राजापूरच्या त्या मानी माणसाने माठाची पूजा केली. रोज सकाळी सोवळं नेसून कोपऱ्यात बसायचे आणि ताटलीवर फूल वाहायचे. दुपारी पोरांना श्लोक शिकवायचे, कुंदाच्या वेण्या घालायचे, त्या नेहमी वाकड्या यायच्या. आंघोळीसाठी लवूमागे काठी घेऊन धावायचं कामही माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं. तो परत पहिल्यासारखाच झाला होता, आंघोळ म्हटलं की चिंचेवर. चाळीतल्या बायकांनी दोन दिवस कुजबुज करून पाहिली, मग त्यांनाही कंटाळा आला.

शाळा उघडायच्या थोडं आधीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, आम्ही सगळे ओट्यावर. भाऊ कुंदाला घेऊन बसलेले, लवू चिंचेखालून धुळीने लाल होऊन नुकताच आलेला. वनमाला रस्त्याच्या वळणावर दिसली. रोज ती दमून, खाली बघत यायची. त्या दिवशी ती मान वर करून येत होती, आणि चालता चालता तिची पावलं पळायला लागली होती.

मी उठून उभी राहिले. भाऊही राहिले. लवूने एकदा आईकडे पाहिलं, तिने लांबूनच होकाराची मान हलवली, आणि कुणी काही म्हणायच्या आत पोरगा आपणहून मोरीत आंघोळीला शिरला.